गोव्यात गाडीत राहिलो तर लोक बेघर समजतील का?

आपला प्रश्न मी असा समजतो: पुण्यातील कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली आहे, खोलीचे भाडे जड होऊ लागले आहे, परदेशी लोकांचे व्हॅनमधील संसार आपण व्हिडिओत पाहिले आहेत आणि आता जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन, तिच्यात पलंग आणि ओटा बसवून, वर्षभर गोव्यात राहावे असा आपला विचार आहे, मात्र गावातले लोक आणि पोलीस बेघर समजून हुसकावतील की काय, अशी धास्ती आहे.

मी पेडणे तालुक्यातला, व्यवसायाने वायरमन. २०२३ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मी ट्रॅव्हलरमध्येच राहिलो, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. माझे उत्तर असे की, केवळ गाडीत झोपतो म्हणून इथे कोणी कोणाला बेघर म्हणत नाही. आपले खरे घर दुसरीकडे कुठेतरी आहे आणि मनात आले की आपण तिकडे परत जाऊ शकतो, अशी बघणाऱ्याची समजूत असेपर्यंत आपण हौशी प्रवासी असता. ती समजूत डळमळली की तीच गाडी, तोच पलंग आणि तेच दोरीवर वाळत घातलेले कपडे लोकांच्या डोळ्यांत खुपू लागतात.

माझी स्वतःची हौस नव्हती, हे आधी सांगून टाकतो, कारण त्या अकरा महिन्यांत ते मी कोणालाही सांगितले नाही. वडिलोपार्जित घर सामाईक, एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्याकडच्या सातबारासारखा जमिनीचा कागद) अकरा नावे, त्यातल्या दोघांचे आपसात पटेना आणि घराला कुलूप लागले. मी भाड्याने राहत होतो ती जागा मालकाला परत हवी झाली. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आमच्याकडे ज्याच्याजवळ दोन खोल्या आहेत तो त्या महिन्याच्या नव्हे, रात्रीच्या हिशेबाने देऊ पाहतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? कामगार आणि केबलची भेंडोळी नेण्यासाठी घेतलेली ट्रॅव्हलर माझ्याकडे होती. तिच्यातली आसने काढली, आतून थर्माकोल आणि प्लाय मारला, टपावर दोनशे वॅटची दोन पॅनेल बसवली आणि गावात सांगून टाकले की मोकळ्या हवेत राहायची फार दिवसांची इच्छा होती. लोकांना ते पटले. शाळेतले एक मास्तर तर मुलांना घेऊन गाडी दाखवायला आले आणि मी बॅटरीचे काम कसे चालते ते समजावून सांगितले.

मी जिथे गाडी लावत असे त्या मोकळ्या जागेत, साधारण चाळीस पावलांवर, रस्त्याकडेने केबलसाठी चर खोदणारे एक कुटुंब जानेवारीत येऊन उतरले. विजापूरकडचे, लमाणी बोलणारे. नवरा-बायको, म्हातारी आणि दोन मुले. त्यांच्या पिकअपवर निळी ताडपत्री ओढलेली होती, बायका-मुले आत झोपत आणि पुरुष गाडीखाली. आठ-दहा दिवसांनी गावातून तक्रार गेली आणि रात्री एक शिपाई आला. माझ्या दाराशी तो दहा मिनिटे उभा होता. पॅनेलला किती खर्च आला, पंखा रात्रभर चालतो का, असे विचारून मोबाइलवर फोटोही काढून घेतला. मग तिकडे जाऊन त्याने सकाळपर्यंत जागा रिकामी करायला सांगितले. तक्रार काय होती, तर ही माणसे उघड्यावर शौचाला जातात. पहिले तीन आठवडे मीही त्याच काजूच्या बागेत जात होतो. मी तोंड उघडले नाही.

त्या खोदकाम करणाऱ्याने आदल्याच आठवड्यात मला त्याच्या गावच्या घराचा फोटो दाखवला होता: दोन खोल्या, वर स्लॅब, दारात तुळस. म्हणजे घर त्याला होते आणि मला नव्हते. जनगणनेच्या व्याख्येने पाहिले तरी मालकीचा प्रश्न येत नाही; जे इमारतीत न राहता रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, रेल्वे फलाटावर राहतात ते बेघर, आणि २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची मोजणी झाली तेव्हा देशात १७.७३ लाख माणसे भरली. आम्ही दोघेही त्या व्याख्येच्या आतच झोपत होतो; शिपायाने तिच्यातून फक्त मला वगळले. मुंबईच्या १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत घातलेले आहे. हा कायदा दिल्लीलाही लागू होता आणि त्यातील बरीच कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. त्यातला ‘दृश्य’ हा शब्द मला त्या रात्रीनंतर फार नेमका वाटू लागला. माझ्या टपावर चारशे वॅटचे दृश्य साधन होते, त्याच्याकडे कुदळ होती.

खरे तर चाकांवरचा संसार आमच्या मुलखाला नवा नाही. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की खाजेकार, खेळणीवाले, पाळणेवाले या जत्रेतून त्या जत्रेत टेम्पो हलवतात, त्यातच सामान आणि त्यातच झोप. दशावतारी मंडळी सिंधुदुर्गातून पेटारे घेऊन येतात, रात्रभर नाटक करतात आणि सकाळी देवळाच्या सभामंडपात किंवा गाडीतच अंग टाकतात. त्यांना कोणी बेघर म्हटल्याचे मी ऐकलेले नाही, कारण प्रत्येकाचे गाव आणि मंडळाचे नाव लोकांना ठाऊक असते. फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या अग्रशाळा तर परगावच्या माणसाने रात्र काढावी म्हणूनच बांधलेल्या आहेत. इथे पहिला प्रश्न असतो, ‘तुमी खंयचे?’ म्हणजे तुम्ही कुठले? उत्तरात गाव, आडनाव आणि शक्य तर एखादा ओळखीचा माणूस सांगता आला की पुढचे सोपे होते.

परदेशी पाहुण्यांना एवढेही सांगावे लागत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून जमिनीच्या वाटेने व्हॅन आणि बस घेऊन मंडळी कळंगुट-हणजुणला येत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली. आजही हिवाळ्यात काणकोणातल्या आगोंदच्या बाजूला युरोपीय नंबरांच्या मोठ्या गाड्या दिसतात आणि लोक कौतुकाने पाहतात. याउलट शेजारच्या राज्यांतून बस करून येणारे, रस्त्याकडेला शेगडी पेटवून भात शिजवणारे आणि बसमध्येच झोपणारे पर्यटक हा गोव्यात संतापाचा विषय आहे. २००१ च्या गोवा पर्यटन स्थळे (संरक्षण व देखभाल) कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे यांसाठी एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये दंड तेव्हा ठरला होता. संताप अगदीच निराधार नाही. मागे राहिलेला खरकट्याचा ढीग मीही उचललेला आहे. पण आपली गाडी महाराष्ट्राच्या पाटीची असणार, तेव्हा आपण लोकांच्या नजरेत आगोंदच्या रांगेत जाता की बसवाल्यांच्या, हे आपण गॅस कुठे पेटवता यावर बरेच अवलंबून राहील. समुद्रकाठी तो गाडीबाहेर काढूच नका.

खासगी जागेत परवानगीने उभे राहावे, असा सल्ला आपल्याला मिळाला असेल. तो चांगला आहे, पण गोव्यात त्याला एक अडचण आहे जी पुण्यात बसून लक्षात येणार नाही. इथे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याला मुंडकार म्हणतात आणि १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले, पुढे घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही मिळाला. हा कायदा झाला नसता तर कितीतरी कुटुंबे उघड्यावर पडली असती. मात्र त्याची एक सावली अशी पडली आहे की, कोणाला दीर्घकाळ राहू दिले तर उद्या तो हक्क सांगेल, ही भीती जमीनमालकाच्या मनात कायमची बसली आहे. चाकांवरच्या गाडीला मुंडकारी लागत नाही हे मी एका वृद्ध भाटकारांना परोपरीने सांगितले. ते ऐकून घेत आणि दर पंधरा दिवसांनी गाडी थोडी तरी हलवायला लावत. मी हलवत असे. कधी आंब्याखाली, कधी गोठ्यामागे. भाडे ठरवण्याऐवजी मी त्यांच्या विहिरीच्या पंपाची मोटर आणि घरातले जुने वायरिंग नीट करून दिले, त्याचा उपयोग पैशांपेक्षा जास्त झाला.

सरकारी जागेत किंवा रस्त्यावर उभे राहायचे असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ ध्यानात ठेवा: सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस किंवा लक्ष ठेवायला कोणी नसताना सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. आपण आत असाल तर ती तशी ठरत नाही, पण काम करायला एखाद्या कॅफेत जाऊन तेवढा वेळ बसलात तर ठरू शकते. गाडी वर्षभराहून अधिक काळ गोव्यात ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे कलम ५२ आहे. नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते ठामपणे उचलून धरले. आसने काढली की आसनसंख्या बदलली. मोटर कॅरव्हॅन म्हणून नोंदणीची सोय आहे. आरटीओत आधी जा आणि मगच सुताराकडे. मी उलटे केले आणि अपघात झाला नाही एवढ्यावर सुटलो, कारण विमा कंपनीने पहिले बोट याच गोष्टीवर ठेवले असते.

विजेबद्दल लोक नको तितकी काळजी करतात. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवर्सची लिथियम बॅटरी सुमारे सव्वा युनिट साठवते. लॅपटॉप, दिवे, डीसी पंखा आणि छोटा फ्रिज यांना ती मार्चपर्यंत पुरते. एसीचा नाद सोडा, एक टनाचा एसी ती तासाभरात रिकामी करील. खरी अडचण खाऱ्या हवेची आहे, टर्मिनल हिरवी पडतात. दर महिन्याला पुसून ग्रीस लावा. पाणी रोज वीस लिटर लागते आणि ते मागायला आपल्याला एखाद्या दारात जावेच लागते, त्यामुळे ओळख आपोआप होते. शौचालय मात्र पहिल्या दिवसापासून गाडीत हवे. तक्रारी तिथूनच सुरू होतात, आणि ही केवळ लोकांच्या नाकाची गोष्ट नाही. मी गाडीत राहत होतो त्याच २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस सासष्टीतील कुटबण जेटीवर, जिथे परराज्यांतले खलाशी ट्रॉलरवरच राहतात, कॉलऱ्याची साथ आली आणि माणसे दगावली.

पावसाबद्दल एवढेच सांगतो की, जून उजाडला की पत्र्यावरचा आवाज रात्रभर झोपू देत नाही, कपडे वाळत नाहीत, गादीखाली बुरशी धरते आणि सूर्य दिसत नसल्याने पॅनेलही गप्प बसतात. कॅमेऱ्यापुढे दार उघडून समुद्र दाखवणारे त्या वेळी हिमाचलात असतात. मला जायला जागा नव्हती म्हणून मी राहिलो. जुलैत एके दिवशी चहाच्या दुकानात मालकाने सहज विचारले, ‘एवढ्या पावसात तरी घरी जा की हो.’ त्याला काय उत्तर द्यावे सुचेना, आणि माझ्या मते त्याला त्याच क्षणी कळले. त्यानंतर तो पूर्वीइतकाच नीट वागला, पण उधारी मात्र लिहून ठेवू लागला.

आपण पाहता ते व्हिडिओ अमेरिकेचे असतील, तर तिथेही चित्र दुहेरीच आहे. ज्याला दुसरे घर नाही आणि जो गाडीत रात्र काढतो तो तिथल्या १९८७ च्या संघराज्य कायद्याने बेघरच ठरतो. २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास या छोट्या शहराच्या खटल्यात, सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणाऱ्यांना दंड करणे घटनाबाह्य नाही, असा निकाल दिला. व्हिडिओ करणाऱ्यांत या मंडळींचा समावेश नसतो.

तेव्हा आपल्याला हुसकावतील का? बहुधा नाही. आपल्याजवळ पगार आहे, पुण्यात पत्ता आहे आणि ‘तुमी खंयचे?’ याला उत्तर आहे. तो पत्ता सोडू नका, एखाद्या नातेवाइकाकडे का होईना, तो ठेवा. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण बँक, विमा आणि वाहन परवाना यांचे प्रत्येक पत्र कुठेतरी पोचावे लागते. बेघर माणसाला मतदारयादीत नाव घालता येते हे खरे आहे. त्यासाठी मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन, सांगितलेल्या जागी तो खरोखर झोपतो का ते पाहतो. पंधरा दिवसांनी आंब्याखालून गोठ्यामागे जाणाऱ्याला ते कसे जमावे?

यायचेच असेल तर तुळशीचे लग्न झाल्यावर या आणि मे संपण्यापूर्वी परत जा. मुक्कामाच्या जागी शेजारी कोणी ताडपत्री बांधून राहत असेल आणि रात्री शिपाई आला, तर तुमच्या शौचालयाची टाकी त्यांनाही वापरू देत असल्याचे त्याला सांगा. अर्थात तसे खरोखरच देत असाल तर.