प्रतिभाताई पाटील जळगावच्या खासदार होत्या का? आमदारकी नेमकी कुठली?

नाही, लोकसभेवर त्या अमरावतीतून गेल्या, 1991 साली. गल्लत होते कारण माहेर आपल्या जळगाव जिल्ह्यातलं (जन्म 19 डिसेंबर 1934, नाडगाव, बोदवडजवळ) आणि सासर अमरावतीचं. एम. ए. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजातून, कायदा मुंबईत.

आमदारकीतही एक बारकावा आहे. 1962 ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावमधून निवडून आल्या. त्यानंतरच्या चारही निवडणुका, 1967, 1972, 1978 आणि 1980, त्यांनी एदलाबादमधून जिंकल्या. आजच्या नकाशात एदलाबाद शोधाल तर सापडणार नाही, कारण तेच आताचं मुक्ताईनगर. 1979-80 मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच.

1985 ला राज्यसभा. तिथे 1986 ते 1988 उपसभापती. राज्यसभेचे सभापती उपराष्ट्रपती असतात, म्हणून गोंधळ होतो; ताईंना 'उपराष्ट्रपती' लिहू नका. 2004 पासून राजस्थानच्या राज्यपाल.

2007 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक नीट समजून घ्या. इथे मतं डोक्यांवर नाही, मूल्यावर मोजतात: तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य 708, महाराष्ट्रातल्या आमदाराचं 175. ताईंना 6,38,116 मूल्याची मतं पडली, भाजपचा पाठिंबा असलेले प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत यांना 3,31,306. शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती, तरी तिने मराठी उमेदवार म्हणून ताईंनाच पाठिंबा दिला. 25 जुलै 2007 ला शपथ. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती खान्देशच्या, हे अभिमानाने सांगा, फक्त मतदारसंघ बरोबर सांगा.