गिरगावातली चाळ हाती घेण्याआधी

चि. सौ. नव्हे, चि. आर्किटेक्ट,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून गिरगावातल्या चाळीचा पुनर्विकास तू स्वतः घेतेस. नकाशा तुझा आणि पैसाही तुझाच. पत्र वाचून आनंद झाला, पण रात्री झोप लागली नाही. आजवर तू खिडकी मोठी काढायचीस, बिल्डर ती लहान करायचा आणि तू भांडायचीस. आता भांडायला समोर कोणी नसेल.

पैशाचं थोडक्यात सांगते. खोली रिकामी झाली की भाडेकरूंच्या बाहेरच्या घराचं भाडं तुझ्या माथी सुरू होतं. बांधकाम परवानगीची सीसी आणि रेराची नोंदणी हातात येईपर्यंत तुला एक फ्लॅटही विकता येणार नाही. तेवढ्या महिन्यांचं भाडं आधी बाजूला ठेव, मगच खोल्या रिकाम्या करून घे.

माझी खरी काळजी उजेडाची आहे. पहिल्याच कामात मी रिहॅब विंगचा, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या इमारतीचा, हवा-उजेडाचा डक्ट दीड फुटाने आवळला, कारण सेलच्या, म्हणजे विकायच्या फ्लॅटच्या, बेडरूमला तेवढी रुंदी हवी होती. नियमात बसत होतं. ताबा दिल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चहाला बोलावलं. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावून त्यांनी चहा केला. चाळीत त्यांची एकच खोली होती, पण गॅलरीतल्या उन्हात पापड वाळायचे. काकू काही बोलल्या नाहीत. मला मात्र तो चहा गिळवेना.

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये एकदा जाऊन ये. पुनर्वसनाच्या त्या इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचा या कोंदटपणाशी असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. मग पेडर रोडवरून वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंचा १९८३ चा कांचनजुंगा टॉवर बघ. समुद्राचा वारा घ्यायचा, पण ऊन-पाऊस थेट घरात येऊ द्यायचा नाही, म्हणून त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उंच टॉवरमध्ये नेला. चाळीची गॅलरी तरी दुसरं काय करते?

२०१२ पासून बाल्कनीही एफएसआयमध्ये, म्हणजे बांधायला मिळणाऱ्या क्षेत्रफळात, मोजतात, त्यामुळे ती गाळायचा मोह तुला होणारच. हिशेब जुळेना झाला तर माझ्याकडे ये, आपण तेवढी जागा सेल विंगमधून काढू.

रविवारी नकाशे घेऊन ये. रिहॅबचा सगळ्यात खालचा मजला आधी दाखव.

तुझी,
मॅडम