पेनांग हिल: चढण्याचं सोडा, उतरायचं आधी ठरवा

तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली. मिरजेहून आई-वडिलांना घेऊन मलेशियाला निघालाय, ट्रॅव्हलवाल्यानं दुपारी चारला पेनांग हिल आणि त्याच रात्री दहाच्या बसनं क्वालालंपूर असं बसवून दिलंय, आणि तुमचा प्रश्न काय, तर स्वेटर किती घ्यायचे. अहो, स्वेटरचं नंतर बघू. आधी ती रात्रीची बस बदलून घ्या.

व्हिसा, रिंगिट, सिमकार्ड यावर काही लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. एवढंच सांगतो की मलेशियात शिरण्याआधी भरायचं डिजिटल अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर फुकट भरता येतं. त्याचे पैसे कुणी लावले असतील तर बाकीचं बिलही नीट तपासा.

पेनांग हिल म्हणजे पेनांग बेटावरचा डोंगर, वर जायला तारदोरानं ओढली जाणारी रेल्वेगाडी. ही गाडी चालते कशी ते समजलं की बाकीचं आपोआप ध्यानात येतं. वणीला सप्तशृंगी गडावर ट्रॉली आहे ना, तोच प्रकार, पण इथला रूळ जवळजवळ दोन किलोमीटरचा. एका जाड तारदोराच्या दोन टोकांना दोन गाड्या, विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या असाव्यात तशा. एक वर चढते तेव्हा दुसरी खाली येते, मधोमध रूळ दुभागतात तिथं एकमेकींना ओलांडतात. एका गाडीत साधारण शंभर माणसं, बहुतेक उभी. पूर्वी मध्ये उतरून दुसरी गाडी धरावी लागायची आणि वर पोचायला अर्धा तास जायचा. ती व्यवस्था १९२० च्या दशकातली होती. २०१० मध्ये ती बंद करून सगळं नव्यानं बांधलं आणि २०११ पासून खालून थेट माथ्यावर दहा मिनिटांच्या आत पोचता येतं. वेग वाढला, पण गाड्या दोनच. दिवाळीला एसटी जादा गाड्या सोडते तसं तिथं करताच येत नाही, कारण तिसरी गाडी त्या दोराला लावणार कुठं? म्हणून रांग वाढली की वाढतच जाते.

आणि वाढते ती संध्याकाळी, माथ्यावर. तिथली घड्याळं आपल्या अडीच तास पुढं, त्यामुळं सूर्य मावळतो सात-साडेसातला. दुपारपासून वर आलेली सगळी माणसं सूर्यास्त आणि खालच्या जॉर्ज टाउन शहराचे दिवे बघून एकदमच निघतात. महाबळेश्वरला बॉम्बे पॉइंटवर सूर्य बुडाल्यावर ट्रॅफिक लागतं, पण निदान आपली गाडी आपल्याजवळ असते. इथं खाली यायला ती रेल्वे, नाहीतर बोटॅनिक गार्डनकडं उतरणारा जीपचा रस्ता. तो पाचेक किलोमीटरचा, अंगावर येणारा उतार आहे आणि पर्यटकांची वाहनं त्यावर चालत नाहीत. माझा मेहुणा चिडून त्या रस्त्यानं पायी निघाला होता. अंधारात, चप्पल घालून! सासूबाईंनी शपथ घातली म्हणून थांबला.

आमचं वेळापत्रक तुमच्यासारखंच होतं. वार शनिवार, त्यात तिथल्या शाळांना सुट्टी. वर जायलाच तासभर रांग, उतरायला दीड तासाच्या वर. सासूबाईंचे गुडघे गेलेले, रांगेत टेकायला जागा नाही. दर पाच मिनिटांनी त्या 'अजून किती' विचारायच्या आणि आम्ही 'आलोच' म्हणायचो. खाली आलो तोवर रात्रीची बस चुकलीच होती. नवीन तिकिटं, एक रात्रीचं हॉटेल आणि क्वालालंपूरचं बुडालेलं बुकिंग, सगळं खिशातून गेलं.

आता हे ज्यांनी ठरवून दिलं त्यांच्याबद्दल. आपल्याच भागातलं एक ट्रॅव्हल ऑफिस. नाव लिहिणार नाही, मेसेज करून विचारलंत तरी सांगणार नाही. कोटेशनमध्ये फास्ट लेनचं, म्हणजे लांब रांग टाळायचं महागडं तिकीट धरलं होतं, पैसेही त्याचेच घेतले. ड्रायव्हरनं हातात ठेवलं ते साधं. ऑफिसला फोन लावला तर, 'सर, ते तिथला लोकल एजंट बघतो.' लोकल एजंट म्हणाला, मला इंडियाहून साध्याचेच पैसे आलेत. परत फोन केला तर ऑफिस बंद, कारण तोवर आपल्याकडं जेवणाची सुट्टी! परतल्यावर प्रत्यक्ष गेलो, कागद पुढं ठेवले. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, 'पण सर, पॉइंट तर झाला ना?' म्हणजे तुम्ही डोंगर बघितला, आमचं काम संपलं. शेवटी 'पुढच्या टूरला ॲडजस्ट करू' एवढ्यावर बोळवण केली. पुढची टूर म्हणे! त्यांच्या कागदावर 'पेनांग हिल रोपवे, एक तास' असं छापलेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिथं रोपवे नव्हताच, रोपवे क्वालालंपूरजवळच्या गेंटिंगला. ज्यानं हे लिहिलं तो त्या डोंगराच्या पायथ्यालाही गेला नसणार, आणि एक तासाचा आकडा त्यानं कुठून काढला ते त्यालाच ठाऊक.

म्हणून माझं मत ऐका. मत आहे हं, नियम नाही. मंगळवारी दुपारी रिकाम्या गाडीतून गेलेले लोकही भेटतील, आणि ते मला वेड्यात काढतील. पण बरोबर म्हातारी माणसं असतील तर पेनांग हिल सकाळीच करा. गाडी भल्या सकाळी सुरू होते. आठच्या आत वर पोचलात तर रांग जेमतेम, हवा स्वच्छ, खाली शहर आणि मुख्य भूमीला जोडणारा लांबलचक पूल स्पष्ट दिसतो. विषुववृत्त जवळ असल्यानं दुपारनंतर ढग चढतात आणि कधीही धो-धो पाऊस येतो. आपल्यासारखा तिथं चार महिन्यांचा ठरलेला पावसाळा नाही, छत्री कायम पिशवीत ठेवा. शनिवार-रविवार आणि चिनी नववर्ष टाळाच. दुरुस्तीसाठी गाडी अधूनमधून काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात त्यांच्या साइटवर तारखा बघून घ्या. हे ऑफिसवाला बघणार नाही.

फास्ट लेनचे पैसे साध्यापेक्षा बरेच जास्त आहेत. सकाळी जाणार असाल तर मला ते वाया वाटतात. संध्याकाळचाच हट्ट असेल तर मात्र घ्या, आणि तिकिटावर जाणं-येणं दोन्ही लिहिलंय का ते गाडीत बसायच्या आधी वाचा. परदेशी माणसाला दर वेगळा आणि जास्त असतो. त्यावरून खिडकीवर वाद घालू नका, आमच्या पुढचे एक गृहस्थ घालत होते, रांग आणखी थांबली.

खरं तर हे तिकीट पॅकेजमध्ये हवंच कशाला? जॉर्ज टाउनच्या जेट्टीवरून २०४ नंबरची बस थेट पायथ्याला सोडते, सुटे पैसे जवळ ठेवा. आई-वडिलांना बसची दगदग नको असेल तर ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखी टॅक्सी) बोलवा. येताना केक लोक सीचं बौद्ध मंदिर वाटेतच आहे. तिथं पायऱ्या खूप, वडिलांना विचारूनच आत न्या. वर माथ्यावर मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं देऊळ आहे आणि शेजारी मशीद. सासूबाई तिथं दहा मिनिटं बसल्या, त्या अख्ख्या दिवसातली तेवढीच त्यांना आवडलेली गोष्ट. माकडांपासून जपा, शेपटीवाली लबाड आहेत, पिशवी ओढतात. डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली काळसर वानरं मात्र गरीब, झाडावर बसून पानं खातात. गाडीत जागा मिळाली तर चढताना सगळ्यात खालच्या कप्प्यात उभे राहा, मागं शहर उघडत जातं. कप्पे पायऱ्या-पायऱ्यांचे आहेत, आईला हात द्या.

आता स्वेटर. पेनांग हिलचा सगळ्यात उंच माथा ८३३ मीटर. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३९. आपला अजिंक्यतारासुद्धा हजार मीटरच्या आसपास, म्हणजे तो डोंगर अजिंक्यताऱ्यापेक्षा बुटका! फरक इतकाच की तो समुद्रालगत उठलेला असल्यानं चढ अंगावर येतो. खालच्यापेक्षा पाचेक अंश गार असतं, म्हणजे घाम थांबतो, थंडी वाजत नाही. इंग्रजांना तेवढंही पुरलं. महाबळेश्वर त्यांनी वसवलं त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या शेवटी, ते या डोंगरावर जाऊ लागले होते. आम्ही ऑफिसच्या यादीप्रमाणे नेलेले चार स्वेटर तसेच घडी घालून परत आले. आईसाठी एक शाल घ्या, तीही बसमधल्या एसीसाठी.

शाकाहारी असाल तर लक्सा (तिथलं नूडल्सचं सूप) लांबूनच बघा, त्यात मासा असतो. जॉर्ज टाउनच्या लिटल इंडियात इडली-डोसा मिळतो.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे पण पैशाचा आहे. परदेशी टूर पॅकेजवर ऑफिस तुमच्याकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतं. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकर खात्याच्या करजमेच्या उताऱ्यात (२६एएस) बघा. आमचा दिसत नव्हता. तीन महिने मागं लागल्यावर आला. मी सीए नाही, तुमच्या सीएला विचारा, पण पावती मात्र आजच मागून ठेवा.

बस दुसऱ्या दिवशी सकाळची करून मागा. ऑफिसवाला 'आता बदलत नाही' म्हणाला तर कोटेशनमधलं ते पान ऑफिसचं नाव खोडून इथं टाका. त्यात फास्ट लेन कुठं लिहिलंय आणि रद्द करण्याच्या अटी काय आहेत ते बघून सांगतो.