‘प्लुम्बुम’ आणि आपला ओळंबा

शिशाचं रासायनिक चिन्ह ‘पीबी’ हे लॅटिन ‘प्लुम्बुम’वरून आलं. त्या ‘प्लुम्बुम’चं आपल्या ‘लंब’, ‘ओळंबा’ या शब्दांशी नातं आहे का, अशी विचारणा आहे. शंका रास्त आहे. गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीतही ‘प्लंब’ म्हणतात आणि दोन्हींत ‘लंब’ ऐकू येतो. पण नातं नाही. ओळंबा संस्कृत ‘अवलंब’वरून आला, म्हणजे मुळात लोंबणं आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी आहे दोरीच्या टोकाचा शिशाचा गोळा. दोन्ही भाषांनी एकाच वस्तूला आपापल्या वाटेनं नाव दिलं.

‘प्लुम्बुम’ मूळचा लॅटिनही नसावा. शिशाला ग्रीकमध्ये ‘मोलिब्डोस’ म्हणतात. दोन्ही शब्द भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्यातरी जुन्या भाषेतून उचलले गेले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. मॉलिब्डेनम या धातूचं नाव या ग्रीक शब्दावरूनच पडलं.

अर्थाच्या बाबतीत मात्र फार जपून राहावं लागतं. इसवीसनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी ‘काळं प्लुम्बुम’ आणि ‘पांढरं प्लुम्बुम’ असे दोन प्रकार सांगतो. काळं म्हणजे आपलं शिसं. पांढरं म्हणजे चक्क कथील! तिथे ‘पांढरं शिसं’ असं भाषांतर केलं की घोटाळा झालाच. बरं, कथिलाच्या ‘एसएन’ या चिन्हामागचा ‘स्टान्नुम’ शब्दही प्लिनीकडे आहे, पण तो चांदी आणि शिसं यांच्या मिश्रणासाठी. कथील हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपल्याकडे यजुर्वेदातल्या ‘चमक’ नावाच्या सूक्तात ‘सीसं च मे त्रपुश्च मे’ असे शिसं (सीस) आणि कथील (त्रपु) हे दोन धातू दोन स्वतंत्र नावांनी शेजारी-शेजारी येतात, हे मला विशेष वाटतं.

शिशाचं काम करणारा तो ‘प्लुम्बारिउस’. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत, म्हणून तोच पुढे नळकाम करणारा प्लंबर झाला. इंग्रज त्यातला ‘ब’ उच्चारत नाहीत. आपण स्पेलिंगवरून घेतला आणि लॅटिनचा ‘ब’ मराठीत ठणठणीत राहिला.

‘प्लुम्बागो’ हाही याच घरातला. ग्रॅफाइट शिशासारखं दिसतं म्हणून त्याला हे नाव मिळालं. आपल्या ‘शिसपेन्सिली’तही शिसं नसतं, ग्रॅफाइटच असतं. आणि आयुर्वेदातल्या चित्रक या वनस्पतीचं शास्त्रीय नावही त्याच शब्दाचं, ‘प्लंबॅगो झेलॅनिका’.