ख्रिस्ती लोकांना बायबलचं एवढं प्रेम खरंच असतं की नुसती सवय?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला ख्रिस्ती मित्र डबा उघडायच्या आधी मोबाईलवर बायबलची दोन वचनं वाचतो, तर ही सवय, धाक की खरंच प्रेम? त्याचं मला माहीत नाही, मी माझ्यापुरतं सांगतो. मी नगरचा, मराठी ख्रिस्ती, चौथी पिढी.

सुरुवात धाकानेच झाली. संडे स्कूलमध्ये वचन पाठ नसलं की सगळ्यांसमोर उभं राहावं लागायचं, त्यामुळे 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र मी पाढ्यासारखं घोकलं, मेंढपाळ-बिंढपाळ काही डोक्यात गेलं नाही. आणि सगळंच गोड लागतं असंही नाही हां, बायबलमधलं लेवीय हे पुस्तक उघडलं की मला अजून झोप येते, शास्ते या पुस्तकातल्या काही गोष्टी वाचून तर चक्क राग येतो.

प्रेम लागलं ते आजीमुळे. ती शाळेत गेलीच नव्हती, तिशीत चर्चच्या मंडळीतल्या बायकांच्या रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकली आणि घरात पुस्तक म्हणाल तर एकच, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, मग वाचणार काय तर तेच. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची आणि एक वचन संपलं की चष्म्यावरून बघायची, कोणी ऐकतंय का. आम्ही पोरं पळायचो.

मोठेपणी कळलं की ती ओळ मराठीत तिच्या बोटाखाली यायला किती जणांनी हाडं झिजवलीत. १८११ मध्ये विल्यम कॅरीने तिकडे बंगालात सेरामपूरला मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापला, पण मला जास्त ओढ पंडिता रमाबाईंची. संस्कृत कोळून प्यायलेली बाई, कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' म्हणून गौरवलेली, मनात आणलं असतं तर जडजंबाल मराठी लिहू शकली असती. पण केडगावला आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली ती कशासाठी, तर आश्रमातल्या साध्या बायकांना कळेल असं बायबल करायला. कित्येक वर्षं तेच काम, आणि छपाईही तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींच्या हातून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. आमच्या घरात बायबल सोसायटीची प्रत होती, रमाबाईंची नव्हे, तरी आजीचं ते बोट आठवलं की मला रमाबाईच आठवतात.

आता प्रेमाबद्दल. आमच्या बायबलमध्ये 'प्रेम' कमी, 'प्रीती' हा शब्द जास्त. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १३, ख्रिस्ती लग्नात हमखास वाचतात आणि नवरानवरी घामाघूम असल्यामुळे कोणी ऐकत नाही. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे', आणि पुढे एक तुकडा आहे, 'अपकार स्मरत नाही'. मला वाटायचं म्हणजे विसरून जा, जे मला कधी जमलेलं नाही. मग एका रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की मूळ ग्रीक शब्द हिशेबाचा आहे, वहीत मांडून ठेवणं असा. म्हणजे आठवण राहील, पण ते कोणाच्या नावावर मांडून ठेवायचं नाही. हे ऐकून मी बाकावर जरा सावरून बसलो, कारण भावाशी माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं आणि माझी वही अगदी अप टू डेट होती.

त्या संध्याकाळी फोन केला का? नाही. सव्वा महिन्याने केला, आणि पहिली पाच मिनिटं आम्ही पावसावरच बोललो.

आजीचं शास्त्र आता माझ्याकडे आहे. करिंथच्या पानावर हळदीचा डाग आहे आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तिची उधारी लिहिलेली, कोणाकडून किती यायचे ते. तीन नावं आहेत. त्यातलं धाकट्या दिराचं, तीनशे रुपये, आडवी रेघ मारून खोडलंय, आणि ते पैसे त्याने कधीच दिले नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाकीची दोन नावं तशीच आहेत, आजी काही एवढीही साधी नव्हती.