१२ जीबीचे जुने कार्ड की ८ जीबीचे नवे?

प्रश्न : मी सांगलीत अंतर्गत सजावटीची कामे करते. ग्राहकांना दाखवायची खोल्यांची चित्रे ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करते आणि संध्याकाळी त्याच संगणकावर धाकटा भाऊ गेम खेळतो. सध्या रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १०८०पी मॉनिटर आणि ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. मोठ्या दृश्यांच्या वेळी मेमरी संपल्याचा संदेश येऊन रेंडर, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र तयार होणे, थांबते. आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) आणि आरटीएक्स ४०६० (८ जीबी) ही कार्डे मला जवळपास एकाच किमतीत मिळत आहेत. ३०६०मध्ये कोअरही (गणिते करणारे घटकही) जास्त आणि मेमरीही जास्त असताना भाऊ ४०६० वेगवान असल्याचे सांगतो. ते कसे शक्य आहे, आणि मी कोणते घ्यावे?

उत्तर : आपल्या बंधूंचे म्हणणे बरोबर आहे, पण ते गेमपुरते. कोअरच्या संख्येवरून तुलना करणे एकाच पिढीतील कार्डांच्या बाबतीत चालते. पिढी बदलली की तो आकडा फसवतो. फेब्रुवारी २०२१मध्ये आलेल्या ३०६०ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली आहे, तर जून २०२३मध्ये आलेल्या ४०६०ची चिप टीएसएमसी या चिपनिर्मात्या कंपनीने अधिक सूक्ष्म प्रक्रियेवर बनवलेली असल्याने ती कमी विजेत अधिक वेगाने धावते. ३०६०चे ३,५८४ कोअर १.७८ गिगाहर्ट्झपर्यंत जातात आणि ४०६०चे ३,०७२ कोअर २.४६ गिगाहर्ट्झपर्यंत. प्रत्येक कोअर एका ठोक्यात दोन क्रिया करतो असे धरून गुणाकार केला, की पहिल्याचे १२.७ आणि दुसऱ्याचे १५.१ टेराफ्लॉप्स (सेकंदाला लाख कोटी गणिते म्हणजे एक टेराफ्लॉप) होतात. म्हणजे कोअर कमी असूनही ४०६०ची क्षमता कागदावर सुमारे १९ टक्क्यांनी जास्त भरते, आणि १०८०पीवरील गेममध्येही साधारण तेवढाच फरक दिसतो.

मेमरीच्या वेगात मात्र जुने कार्ड पुढे आहे. त्याचा १९२ बिटांचा मार्ग सेकंदाला ३६० जीबी माहिती वाहून नेतो, तर ४०६०चा १२८ बिटांचा मार्ग २७२ जीबी. ही उणीव भरून काढण्यासाठी ४०६०मध्ये लेव्हल-२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३०६०तल्या ३ एमबीऐवजी २४ एमबी दिलेली आहे. १०८०पीला ही तजवीज पुरते. अधिक बारकावे दाखवणारा १४४०पीचा मॉनिटर घेतल्यास दोन्ही कार्डांमधील अंतर कमी होऊ लागते. ४०६०च्या जाहिरातीत फ्रेम जनरेशनचा, म्हणजे दोन खऱ्या फ्रेममध्ये कार्डाने स्वतः रचलेली फ्रेम घालण्याचा, बराच गाजावाजा असतो. मुळात फ्रेम बऱ्या संख्येने मिळत असतील, तर ती सोय उपयोगी आहे. पण तिला स्वतःलाही मेमरी लागते, आणि ब्लेंडरच्या रेंडरशी तिचा काहीही संबंध नाही.

आता आपल्या कामाकडे येऊ. वेग आणि मेमरीची क्षमता या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत. कार्ड १५ टक्क्यांनी मंद असेल, तर काम तेवढे उशिरा होते. मेमरी १५ टक्क्यांनी अपुरी पडली, तर सायकल्स (ब्लेंडरमधील रेंडर करणारा भाग) काही माहिती संगणकाच्या रॅममध्ये ठेवून रखडत चालते किंवा काम होतच नाही, हे आपण १६५०वर अनुभवलेच आहे. दृश्य ८ जीबीत मावत असेल, तर सायकल्समध्येही ४०६० स्पष्टपणे वेगवान आहे; मावत नसेल, तर त्या वेगाला अर्थ उरत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी एक चाचणी अवश्य करावी. आपले सर्वांत जड दृश्य, ज्यात पडदे, गालिचे, झाडे आणि मोठी टेक्स्चर्स (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) असतील असे, सायकल्समध्ये ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर रेंडर करावे आणि रेंडरच्या खिडकीत वरच्या बाजूला दिसणारा मेमरीचा कमाल आकडा टिपून ठेवावा. वेळ बराच लागेल, पण ढोबळ अंदाज नक्की मिळेल. विंडोज, मॉनिटर आणि उघडा ब्राउझर यांच्यासाठी त्यात आणखी एक जीबी धरावा. बेरीज ६ जीबीच्या आत राहिली, तर निःशंकपणे ४०६० घ्यावे; ७ जीबीच्या पुढे गेली, तर ३०६०. मधल्या परिस्थितीत मी १२ जीबीकडे झुकेन, कारण ग्राहकांच्या अपेक्षांबरोबर दृश्ये जडच होत जातात, आणि बंधूंना १०८०पीवर ३०६० कमी पडण्याची चिन्हे नाहीत.

आपल्या मदरबोर्डमुळे आणखी एक मुद्दा उद्भवतो. ४०६० पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, केवळ आठ लेन वापरते, तर ३०६० सोळा. बी४५०वर हा मार्ग तिसऱ्या पिढीचा असल्याने ४०६०ला तेथे सेकंदाला सुमारे ८ जीबीचाच रस्ता मिळेल, आणि ३०६०ला त्याच्या दुप्पट. एरवी हा फरक जाणवत नाही, परंतु मेमरी भरून माहितीची रॅमशी ये-जा सुरू झाली, की नेमका हाच अरुंद रस्ता आड येतो.

विजेच्या बाबतीत ४०६० निर्विवाद सरस आहे : ११५ वॅट, तर ३०६०ला १७० वॅट. रोज पाच तास पूर्ण भार धरला, तरी ५५ वॅटांचा हा फरक वर्षाला सुमारे १०० युनिट भरतो, म्हणजे युनिटला १० रुपये दराने हजारभर रुपये. १६५०च्या अनेक कार्डांना वेगळी वीजजोडणी लागत नाही, ती या दोन्ही कार्डांना लागते. त्यामुळे आपल्या एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) ग्राफिक्स कार्डासाठीची आठ पिनांची पीसीआय वीजजोडणी आहे का, हे आधी पाहावे. दोन्हींसाठी ही कार्डे आखणाऱ्या एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटांच्या एसएमपीएसची आहे.

प्रश्न : (त्याच पत्रातून) एक दुकानदार ८ जीबीचे ३०६० बरेच स्वस्तात देतो आहे. ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. नाव तेच असले, तरी २०२२च्या अखेरीस आलेल्या या आवृत्तीचा मेमरीचा मार्ग १२८ बिटांचा आणि वेग सेकंदाला २४० जीबी एवढाच आहे, म्हणजे ४०६०पेक्षाही कमी. त्यात ४०६०ची मोठी कॅश नाही आणि मूळ ३०६०ची मेमरीही नाही. खोक्यावर १२ जीबी असे स्पष्ट छापलेले असल्याची खात्री करावी आणि बिलावरही तसे लिहून घ्यावे. वापरलेले १२ जीबीचे कार्ड कोणी देऊ केल्यास ते क्रिप्टो मायनिंगसाठी (अखंड गणिते करवून आभासी चलन मिळवण्यासाठी) राबवलेले असू शकते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरिअम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत सोडल्यावर अशी बरीच कार्डे बाजारात आली. त्यामुळे शिल्लक वॉरंटीचा कागद हातात आल्याखेरीज आणि तासभर रेंडर चालवून तापमान व पंख्यांचा आवाज तपासल्याखेरीज पैसे देऊ नयेत.