राजीनाम्यातील एक ओळ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, बदल्या पाहणाऱ्या शाखेत, रुजू होऊन तुला जेमतेम चार महिने झाले आणि तेवढ्यात तीन राजीनामे तुझ्या टेबलावर आले, त्यामुळे तू अस्वस्थ आहेस, हे पत्रावरून कळले. सरकारी नोकरीसाठी पोरे वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसतात आणि इथे लागलेली माणसे ती सोडून जातात, हे कसे, असे तू विचारले आहेस. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत एकतीस वर्षे मी हीच कागदपत्रे हाताळली, म्हणून सविस्तर लिहितो.

‘घरगुती कारणास्तव’ ही ओळ तुला जवळपास प्रत्येक राजीनाम्यात दिसेल. ती खोटी असते असे नाही, पण तिच्यावर थांबू नकोस. खरे कारण त्या माणसाने बहुधा आधीच कुठेतरी लिहून ठेवलेले असते.

साधारण वीस वर्षांपूर्वी एका उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचा राजीनामा आला. वहीच्या रेघी पानावर लिहिलेला, चार घड्या घातलेला, आणि कारण तेच, घरगुती. नियमात सारे बसत होते आणि माझ्यापुढे प्रलंबित प्रकरणांचा ढीग होता, म्हणून मी त्याच दिवशी स्वीकृतीची टिपणी लिहून नस्ती (फाइल) वर पाठवली. ती कार्यमुक्त झाल्यावर सेवापुस्तकातील नोंदी पूर्ण करायला बसलो, तेव्हा मागच्या दीड वर्षात तिने दिलेले तीन अर्ज हाती लागले. निवासस्थानाच्या मागच्या दाराला कडी नाही, ती बसवून मिळावी, असा पहिला अर्ज होता. रात्री प्रसूतीचे बोलावणे आल्यास सोबतीला कोणी द्यावे, असा दुसरा होता, आणि तिसऱ्यात तिने बदली मागितली होती. तिन्हींवर आवक क्रमांक होता आणि एकावरही शेरा नव्हता. एका कडीसाठी हाताला गुण असलेली बाई ते गाव सोडून गेली, आणि तो अर्ज माझ्याच शाखेत पडून होता, याची बोच अजून जात नाही.

त्यानंतर मी जुन्या नस्त्या मुद्दाम काढून वाचू लागलो. बायका सोडून जाण्याआधी अर्ज करतात, असे मला दिसले. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहा असे आपण त्यांना बजावतो, पण राहण्याजोगी खोली देत नाही. मग त्या तान्हे मूल घरी ठेवून चाळीस-पन्नास किलोमीटरचे अपडाउन करतात आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गैरहजेरी त्यांच्याच नावावर लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे सर्वांना ठाऊक आहे, पण हजेरीपटाला ते ठाऊक नसते. बालसंगोपनासाठी २०१८ पासून १८० दिवसांची रजा आहे, आणि ती मागितली की ‘माणसे कमी आहेत’ हे उत्तर तयार असते. वरिष्ठाच्या वागण्याचा त्रास असेल तर बाई तेही लिहीत नाही, फक्त बदली मागते आणि कारण रिकामे सोडते. असा अर्ज दिसला तर तिला एकटीला गाठून विचार. दहा किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, म्हणून ‘बघू’ म्हणत दिवस घालवू नकोस.

पुरुष अर्ज करत नाहीत. त्यांचे कारण हजेरीपटावर लाल शाईत उमटते. आधी सोमवारचा उशीर, मग दोन-दोन दिवसांची रजा, मग विनापरवाना गैरहजेरी, मग कारणे दाखवा नोटीस आणि शेवटी राजीनामा. आमच्याकडे यवतमाळकडचा एक कनिष्ठ सहायक होता. वडील अंथरुणाला खिळलेले, कापसाची शेती पडीक पडत चाललेली, आणि हे कार्यालयात सांगणे त्याला कमीपणाचे वाटे. त्याने राजीनामा दिला तेव्हा सेवा एकोणीस वर्षे पाच महिने झाली होती. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा बुडते, तर वीस वर्षे पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याची अर्जित आणि अर्धवेतनी रजा शिल्लक होती. ती मंजूर करून घेतली, राजीनामा मागे घ्यायला लावला, आणि तो पुढे पेन्शन घेऊन गावी गेला.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांचा हिशेब वेगळा आहे; त्यांना ही जुनी पेन्शन साधारणपणे लागू नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तो तुला आठवत असेलच. पूर्वी पेन्शनच्या ओढीने माणूस कळ काढत असे; तरुणांत ती ओढ सैल झाली आहे, याबद्दल त्यांना दोष देऊ नये. शिवाय एकस्तरचा लाभ, म्हणजे आदिवासी-नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला मिळणारी एक पायरी वरची वेतनश्रेणी, मंजूर असूनही कागद जिल्ह्याला अडकून पडला, तर दुर्गम भागात राहण्याला उरलेले एक कारणही जाते.

दुसरीकडे निवड झाल्यामुळे जाणाऱ्यांची काळजी करू नकोस. त्यांनी परीक्षेचा अर्ज कार्यालयामार्फत केला होता की नाही, एवढे मात्र पाहा. केला असेल तर तांत्रिक राजीनामा, म्हणजे दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यापुरता राजीनामा, घेऊन मागची सेवा जोडता येते.

तुझ्याकडे आलेल्या तीनपैकी एक राजीनामा उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचा आहे, असे तू लिहिले आहेस. त्यावर या आठवड्यात टिपणी लिहू नकोस. आधी तिचे जुने अर्ज काढ, साहेबांची परवानगी घे आणि सकाळच्या एस.टी.ने तिच्या उपकेंद्रावर जा. राजीनाम्याचा विषय तू काढू नकोस. तिच्या हातचा चहा घे, खोली पाहा आणि मागच्या दाराला कडी आहे का, ते स्वतःच्या हाताने लावून पाहा.

तुझा,
काका